डोलकर म्हणजे डोलणारा नव्हे

शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक तरी कोळीनृत्य असतंच. डोक्यावर लाल टोप्या, हातात पुठ्ठ्याची वल्ही, आणि ‘मी डोलकर’ची चाल सुरू झाली की सगळी रांग एका लयीत डुलायला लागते. त्या डुलण्यामुळेच असेल, पण ‘डोलकर’ म्हणजे लाटांवर डोलणारा, असं आपल्यापैकी कितीतरी जणांनी मनाशी धरून ठेवलं आहे.

खरा अर्थ भाईंदरपासून थोड्याच अंतरावर, उत्तनच्या किनाऱ्यावर सापडतो, आणि तो कळला की गाणं वेगळंच ऐकू येतं. ‘डोल’ हे जाळ्याचं नाव आहे. डोल लावतो तो डोलकर. साठच्या दशकाच्या अखेरीस घरोघरी पोहोचलेल्या या गाण्याच्या नावातच एक धंदा आहे आणि त्या धंद्याच्या पोटात समुद्राचं सगळं गणित आहे.

डोल जाळं पाण्यात एका जागी उभं असतं. आकार नरसाळ्यासारखा. तोंड ऐसपैस आणि आस, म्हणजे जाळ्याची भोकं, तीही तिथे मोठी. मागे मागे जाळं निमुळतं होतं, आस बारीक होत जातात आणि शेवटी येतो खोला, म्हणजे मासळी साठायची पिशवी. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. मग मासळीच्या मागे कोणी धावत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच मासळी घेऊन जाळ्यात शिरतं. प्रवाह मंदावला, पाणी थबकलं, की खोला ओढून होडीत रिकामा करायचा. उलटा प्रवाह जोर धरायच्या आत हे आटपावं लागतं.

म्हणून डोलकराला घड्याळाआधी तिथी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं, पाणी जोरात धावतं आणि जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, मासळीही कमी. मुंबईच्या किनाऱ्यावर तर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, तेवढीच भरती पुढे सरकते. खगोलशास्त्राचं एक अख्खं प्रकरण लोकांनी एका गुणाकारात बसवलं. हा हिशेब मला कुठल्याही कवितेइतकाच सुंदर वाटतो.

हे जाळं कोकणात सगळीकडे मात्र चालत नाही. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, वापरतात. डोलीला पाण्याची जबर ओढ हवी, आणि खंभातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. मुंबईजवळ उधाणाला ती पाच मीटरच्या घरात पोहोचते, भावनगरला त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यामुळे डोल मुख्यतः मुंबई, उत्तन, वसई, अर्नाळ्यापासून वर सौराष्ट्रापर्यंतची. बोंबीलही याच पट्ट्यातला. मऊ अंगाचा हा मासा जोरदार प्रवाहापुढे फारसा टिकत नाही, पाण्याबरोबर सरळ डोलीत येतो. बोंबील आणि डोल यांची जोडी त्या ओढीनेच जमवली आहे.

आता हे गाणं कोणी केलं ते पाहा. शब्द शान्ता शेळके यांचे. त्यांचा जन्म 1922 साली इंदापूरचा, म्हणजे समुद्रापासून बऱ्याच दूरच्या मुलखातला. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. लता मंगेशकरांसोबत आवाज हेमंतकुमारांचा, आणि ते तर बंगाली! घाटावरची कवयित्री, बंगाली गायक, आणि तरी ते गाणं कोळीवाड्यांनी आपलं म्हटलं. कारण शान्ताबाईंनी किनाऱ्याचं नुसतं चित्र काढलं नाही, तिथले शब्द उचलले. ‘वल्हव रे नाखवा’, ‘राजा सारंगा’ या त्यांच्याच गाण्यांची नावं बघा. नाखवा होडीचा धनी, सारंग होडी हाकणारा. ‘मी कोळी’ असंही लिहिता आलं असतं. त्यांनी ‘डोलकर’ लिहिलं, आणि एका शब्दात माणूस, त्याचं जाळं आणि त्याचा समुद्र असे तिन्ही आले. लोकप्रिय गाण्यात इतका नेमका शब्द क्वचित सापडतो.

उत्तनला बहुसंख्य कोळी ख्रिस्ती आहेत. घरात क्रूस, बोलीत मराठी, आणि दारापुढे बांबूच्या वलांड्या. त्यांवर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीजोडीने वाळत घालतात. हिवाळ्यात किनाऱ्यावर अशा रांगाच्या रांगा लागतात.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली, उन्हं तापायला लागली, की एकदा तिकडे जा. पंचांगात तिथी बघा, पाऊणपट करून भरतीची वेळ काढा आणि तिच्यानंतरच्या ओहोटीच्या अखेरीला किनाऱ्यावर उभे राहा. होड्या खोले रिकामे करून परततात, तेव्हा टोपल्यांत काय आलंय ते एखाद्या मावशीला विचारा. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उत्तनची बस मिळते.