वीज केंद्रे व स्थानिक अर्थव्यवस्था

वीज केंद्रे व स्थानिक अर्थव्यवस्था : वीज केंद्राच्या उभारणीमुळे व कार्यामुळे त्याच्या परिसरातील रोजगार, व्यापार व उद्योग यांवर होणारा परिणाम. केंद्रात निर्माण झालेली वीज पारेषण वाहिन्यांद्वारे दूरवर जाते. त्यामुळे परिसराला होणारा लाभ मुख्यतः विजेपासून होत नाही, तर केंद्राने दिलेले वेतन, केलेली खरेदी व त्याचे उपपदार्थ यांपासून होतो.

महाराष्ट्रातील चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र हे याचे ठळक उदाहरण होय. दगडी कोळशाच्या खाणी व इरई नदीचे पाणी जवळ असल्याने शहरालगत दुर्गापूर येथे ते उभारण्यात आले. त्याचा २१० मेवॉ. क्षमतेचा पहिला संच १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. १९९१ ते २०१६ या काळात प्रत्येकी ५०० मेवॉ. क्षमतेचे पाच संच सुरू झाले. पहिले दोन संच पुढे बंद करण्यात आले; उरलेल्या सात संचांची एकूण क्षमता २,९२० मेवॉ. आहे.

उभारणीच्या काळात गवंडी, जोडारी, वाहतूकदार इत्यादींना मोठ्या प्रमाणावर काम मिळते; परंतु ते तात्पुरते असते. केंद्र सुरू झाल्यावर कायम नोकऱ्या कमी, पण दीर्घकाळ टिकणाऱ्या असतात. ऊर्जानगर वसाहतीतील कर्मचाऱ्यांचे वेतन चंद्रपूरच्या बाजारात खर्च होते व त्यातून दुकानदार, घरबांधणी व्यावसायिक, शिक्षणसंस्था इत्यादींचे उत्पन्न वाढते. यास अर्थशास्त्रात ‘गुणक परिणाम’ म्हणतात. जवळच्या खाणींना कोळशाचे निश्चित गिऱ्हाईक लाभते. केंद्रासाठी बांधलेल्या इरई धरणातून शहरालाही पिण्याचे पाणी मिळते.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. ही राख पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीवर आधारित सिमेंट कारखाने असल्याने या टाकाऊ पदार्थाला जवळच ग्राहक मिळू शकतो. विटा व रस्त्यांचे भराव यांसाठीही राख वापरतात. केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढून राखेच्या वापराबाबत बंधने घातली.

या लाभांना मर्यादा आहेत. वीज सर्वदूर जाते, परंतु धूर, राख व जमिनीचे संपादन यांचा भार परिसरावरच पडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. कुशल कामगार बाहेरून आल्यास स्थानिकांच्या वाट्याला मुख्यतः कंत्राटी मजुरी येते. शिवाय संचाचे आयुष्य काही दशकांचेच असते व तो बंद पडल्यावर त्यावर अवलंबून असलेले उत्पन्नही आटते. म्हणून स्थानिक तरुणांचे तांत्रिक शिक्षण, राखेवर आधारित लघुउद्योग आणि प्रदूषणाचे कठोर नियंत्रण यांची योजना केंद्र चालू असतानाच करणे आवश्यक ठरते.