बंदरावरचे जेवण

आपले साखरा गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे ताजा मासा येतो तो पैनगंगेचा, नाहीतर येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या धरणांतला. रोहू, कटला, मरळ ही नावे तुमच्या ओळखीची आहेत. समुद्रातला मासा मात्र तुम्ही बहुधा वाळलेलाच पाहिला असेल. बाजारात मिळणारे सुके बोंबील आणि सुकट समुद्रातूनच येतात.

कधी ना कधी तुम्ही सहलीला कोकणात जाल. बंदराजवळच्या एखाद्या खानावळीत जेवायला बसाल. फळ्यावर अनोळखी नावे असतील, ताटात अनोळखी मासा असेल आणि खिशात मोजके पैसे असतील. अशा वेळी गोंधळ होऊ नये, म्हणून काही गोष्टी आताच समजून घेऊ या.

प्रथम दोन शब्द पाहू. मराठीतला 'बंदर' हा शब्द ऐकून हसू नका. हा बंदर म्हणजे माकड नव्हे. उर्दूत आपण ज्याला 'बंदरगाह' म्हणतो, तोच हा शब्द. दोन्ही भाषांत तो फारसीतून आला. दुसरा शब्द 'दर्या'. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. म्हणून मालवणचा माणूस 'दर्यात गेलो होतो' म्हणाला, तर तो नदीवर नव्हे, समुद्रात गेला होता, असे समजा.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले जुने बंदर आहे. किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. सिंधुदुर्ग जिल्ह्याला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले. किल्ला आणि तारकर्लीचा किनारा पाहायला लोक लांबून येतात. आलेल्या माणसाला भूक लागतेच. म्हणून गावात आणि किनाऱ्याच्या आसपास अनेक खानावळी आहेत.

खानावळीतला मासा ताटात येण्यापूर्वी किनाऱ्यावर येतो. होड्या परतल्या की तेथे मासळीचा लिलाव होतो. गाबीत समाजाचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या हे काम करत आले आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेलात, तर तुम्हांला दालदी मुसलमान मच्छीमारही भेटतील. समुद्रावर पोट असणारे लोक अनेक धर्मांचे आहेत.

आता ताटाकडे वळू. मासळीच्या थाळीत साधारणपणे भात, भाकरी किंवा पोळी, माशाचे कालवण, तळलेला मासा आणि सोलकढी असते. कालवणात नारळाचे वाटण असते. आंबटपणासाठी चिंच नव्हे, तर बहुधा कोकमाची सोले घालतात. बांगड्याच्या कालवणात तिरफळ टाकतात. त्याचा वास वेगळाच असतो. तळण्यापूर्वी माशाला मीठमसाला लावून तो रव्यात घोळवतात. सोलकढी गुलाबी रंगाची असते. ती नारळाचे दूध आणि कोकम यांपासून करतात. ती भातावर घेतात किंवा शेवटी पितात.

फळ्यावर सुरमई, सरंगा, बांगडा, हलवा, कोळंबी, तिसऱ्या अशी नावे दिसतील. सरंगा म्हणजेच पापलेट. २०२३ साली त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले. कोळंबी म्हणजे आपला झिंगा. तिसऱ्या म्हणजे छोटे शिंपले. थाळीची किंमत बहुधा तळलेल्या माशावर ठरते. बांगड्याची थाळी स्वस्त, सुरमईची महाग. मोठ्या माशापुढे कधी कधी किंमत लिहिलेली नसते. 'बाजारभावाप्रमाणे' एवढेच लिहिलेले असते. मासळी रोज कमीजास्त मिळते, म्हणून भावही रोज बदलतो. यात फसवणूक नाही, पण विचारायचे काम आपले आहे. "या माशाचे किती होतील?" हे जेवणाआधी विचारावे. लाजू नये. जेवणानंतर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेला एक प्रश्न बरा.

कच्चा मासा पाहायला मिळाला, तर तो ताजा आहे की नाही हे ओळखता येते. ताज्या माशाचे डोळे स्वच्छ आणि फुगीर असतात. कल्ले लालसर असतात. अंगावर बोट दाबून उचलले, की खड्डा भरून येतो. शिळ्या माशाचे डोळे खोल व धुरकट होतात, कल्ले तपकिरी पडतात आणि घाण वास येतो. शिजवल्यावरही ज्या शिंपल्याचे तोंड उघडले नाही, तो खाऊ नये. कोळंबी खाऊन ज्याच्या अंगाला खाज सुटते, त्याने ती पुन्हा खाऊ नये.

काट्याची भीती बाळगू नका. मात्र घाई करू नका. सुरमईच्या तुकडीत मधला काटा मोठा असतो, त्यामुळे नवख्या माणसाला ती सोपी. अख्खा बांगडा आला, तर वरच्या बाजूचे मांस आधी खावे. मग मधला काटा शेपटीकडून अलगद उचलावा. खालचे मांस मोकळे होते. पेडव्यासारख्या लहान माशांत बारीक काटे फार असतात. काटा घशात अडकलाच, तर बोट घालू नये, भाताचे गोळेही गिळू नयेत. त्याने काटा अधिक खोल रुततो. काटा गेला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

काही मुलांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. मासा हलाल होण्यासाठी जबह करावा लागत नाही. पण आपल्या भागातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत. हनफी मतानुसार खेकडे आणि शिंपले खात नाहीत. कोळंबीविषयी उलेमांत मतभेद आहेत. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत आणि शाफई मत याबाबत अधिक मोकळे आहे. म्हणून तेथे कोणी आवडीने तिसऱ्या खात असेल, तर नाक मुरडू नका. आपल्याला नको असेल, तर "मला नको, आभारी आहे" एवढे म्हणावे. मासा वेगळ्या तेलात तळला आहे का, हेही शांतपणे विचारता येते.

बंदरावर कधी जावे, हेही महत्त्वाचे आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या काळात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक मासे अंडी घालतात. तेव्हा जुलैत कोणी 'आजच पकडलेली सुरमई' म्हणाले, तर जरा विचार करा. ती बर्फातली असू शकते किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असू शकते. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते.

बंदी दोन महिन्यांची असली, तरी मासळीची काळजी बारा महिने घ्यावी लागते. मालवणात 'रापण' नावाची जुनी पद्धत आहे. होडीतून लांब जाळे टाकतात आणि अनेक माणसे किनाऱ्यावरून ते ओढतात. मिळालेली मासळी सर्वांत वाटली जाते. मोठ्या यांत्रिक बोटी मात्र मोठ्या जाळ्यांनी एकाच वेळी प्रचंड मासळी उचलतात. मग रापणीच्या वाट्याला काय उरणार? म्हणून सरकारने नियम केले. प्रखर एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम आहे.

नियम सरकार करते, पण तो टिकतो गिऱ्हाइकामुळे. ताटात तळहाताएवढे पापलेटाचे पिल्लू कोणी मागितलेच नाही, तर ते पकडून कोण आणील? शेतकऱ्याची मुले असलेल्या तुम्हांला हे वेगळे सांगायला नको. बियाण्याचे दाणे दळून खाल्ले, तर पुढच्या हंगामात पेरणार काय? समुद्राचेही तसेच आहे.