सवलत सगळ्यांनाच कशी मिळाली?

मंडळाच्या संगणक वर्गात मुलांनी क्यूबेसिकमध्ये वर्गणीचा प्रोग्राम लिहिला. वर्गणी ५०१ रुपये. गट १ म्हणजे विद्यार्थी आणि गट २ म्हणजे ज्येष्ठ, या दोघांना निम्मी. प्रोग्राम चालवला तर यादीतल्या प्रत्येकाचीच वर्गणी निम्मी झाली!

घोळ या ओळीत होता: इफ गट = १ ऑर २ देन. ‘गट एक किंवा दोन असेल तर’ असं आपण बोलतोच, म्हणून ती खटकत नाही. बेसिक मात्र ‘गट = १’ ही एक अट धरतं आणि पुढचा २ सुटा मोजतं. त्याच्या लेखी शून्य म्हणजे खोटं, बाकी सगळं खरं. २ काही शून्य नाही. त्यामुळे अट नेहमीच खरी ठरते. हवी ती ओळ अशी: इफ गट = १ ऑर गट = २ देन. ‘गट’ दोनदा लिहायचा कंटाळा करू नये.

आता आकडे. साध्या प्रिंटने निम्मी वर्गणी २५०.५ अशी उमटते. प्रिंट युजिंगला "######,.##" हा साचा दिला की २५०.५० येतं आणि रकमा एका रेषेत बसतात. आकड्याआधी % दिसलं तर साचा अपुरा पडला असं समजावं.

स्वल्पविराम मात्र तीन-तीन आकड्यांवरच पडतो, म्हणजे सव्वा लाखाचे १२५,०००. आपल्या पद्धतीचे १,२५,००० हवे असतील, तर पूर्ण रुपयांची रक्कम एसटीआर डॉलरने अक्षरांत बदलून उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन आकडे तोडावे लागतात. त्यात सुरुवातीला एक मोकळी जागा येते. ती आधी एलट्रिम डॉलरने काढा.