कर्ता कुठे जातो? : इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस' समजून घेताना

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न ठरलेला असतो. आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीने तो सोडविला आहे आणि घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या आमच्या मुलांना तो हमखास अडवितो. यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. मराठीतील 'कर्मणी प्रयोग' आणि इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस' एकच आहेत, हा समज त्याच्या मुळाशी आहे.

'मुलगा आंबा खातो' हा कर्तरी प्रयोग. भूतकाळात 'मुलाने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने भाकर खाल्ली' असे होते. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलले, म्हणून हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र 'द बॉय एट अ मँगो' हे वाक्य सरळ ॲक्टिव्हच राहते. मराठीतील प्रयोग क्रियापद कोणाच्या मागे चालते यावर ठरतो. इंग्रजीतील व्हॉइस कर्त्याच्या जागी कोणाला बसविले आहे यावर. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी रूप 'मुलाकडून आंबा खाल्ला गेला' हे होय. व्याकरणात त्याला 'नवीन कर्मणी' म्हणतात. घरात असे कोणी बोलत नाही, म्हणून मुलांना ते परके वाटते.

बालवयात बाबासाहेबांकडून रामजी सुभेदारांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली होती. दोन भाषांची घडण शेजारी ठेवून शिकण्याची ती रीत आजही आम्हांस सर्वांत खात्रीची वाटते.

बदल करताना क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असे विचारावे. उत्तर मिळाले तर ते कर्म. 'झोपणे' या क्रियापदाकडून उत्तर येत नाही, म्हणून त्याचे पॅसिव्ह होत नाही. 'फार्मर्स ग्रो कॉटन' हे आपल्या शिवारातले वाक्य घ्या. शेतकरी काय पिकवितात? कापूस. कापूस पुढे आणला, 'टू बी'चे रूप मूळ वाक्याच्या काळात घेतले, क्रियापदाचे तिसरे रूप लावले : 'कॉटन इज ग्रोन बाय फार्मर्स'. येथे पुष्कळ मुले 'इज'ऐवजी 'आर' लिहितात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे अनेक शेतकरी असतात. पण आता वाक्याचा मालक कापूस आहे. शेतकरी रांगेत शेवटी गेला. (बाजारातही त्याचे स्थान फारसे निराळे नाही, हे पालक जाणतात.)

मराठीतील 'ने' दुहेरी काम करतो, हेही ध्यानात ठेवावे. 'मुलाने चाकूने आंबा कापला' यात करणारा आणि साधन दोघांनाही 'ने' लागला. इंग्रजी पॅसिव्हमध्ये करणाऱ्याला 'बाय' आणि साधनाला 'विथ' लागते.

'बाय' आणि त्यापुढील कर्ता गाळला तरी इंग्रजी वाक्य पूर्ण राहते. '२०२० साली लोणार सरोवर रामसर स्थळ म्हणून घोषित झाले' या वाक्यात घोषणा कोणी केली हे सांगितले नाही तरी अडत नाही. सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्म झाला, हे सांगताना इंग्रजी 'वॉज बॉर्न' म्हणते. तेथे 'बाय'चा विचारही मनात येत नाही. परंतु इतिहासाच्या पुस्तकात 'अस्पृश्यांना पाणी नाकारले गेले' असे वाक्य आले, तर आम्ही मुलांना थांबवितो. नाकारले कोणी? नाकारणारे हात होते, घरे होती, गावे होती. तेथे गाळलेला कर्ता शोधणे हा व्याकरणाइतकाच इतिहासाचाही अभ्यास आहे.

याचे उत्तम उदाहरण महाडचे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसाठी खुले करण्यात आले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. 'द टँक वॉज ओपन्ड' : व्याकरण निर्दोष, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची माणसे तळ्यावर गेली व पाणी प्यायली. हे वाक्य ॲक्टिव्ह आहे. वर्गात ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली की व्हॉइसचा धडा मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तथापि पॅसिव्ह म्हणजे नेहमी लपवाछपवी असे मुलांनी समजू नये. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट करणारी आणि तिचे आचरण निषिद्ध ठरविणारी क्रियापदे इंग्रजीत पॅसिव्हच आहेत आणि पुढे 'बाय' नाही. आचरण कोणी करू नये, याची यादी दिलेली नाही. म्हणून मनाई शासनालाही लागू होते आणि शेजाऱ्यालाही. याच्या उलट उद्देशिकेचे वाक्य ॲक्टिव्ह आहे. त्याचा कर्ता, म्हणजे भारताचे लोक, अगदी आरंभी येतो आणि मुख्य क्रियापदे पार शेवटी.

या उद्देशिकेचे पॅसिव्ह करावयास दिले की बहुतेक मुले 'संविधान दिले गेले' अशा अर्थाचे वाक्य लिहून मोकळी होतात. आम्ही वही परत देतो आणि 'बाय'पुढील भाग लिहून आणावयास सांगतो.