बँकेने पैसे कापले: हक्क कुठवर, आगळीक कुठून

ऑगस्ट २०२४ मध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर, 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे तीन हजार रुपये, राज्यभरातल्या बायकांच्या खात्यांत जमा होऊ लागले. पाठोपाठ तक्रारी आल्या. जमेचा मेसेज आला, पण पूर्ण रक्कम हाती आलीच नाही. कुणाच्या खात्यावर किमान शिल्लक न ठेवल्याचा जुना दंड चढलेला होता, कुणाचा कर्जाचा हप्ता थकलेला होता, आणि बँकांनी ते आधी वळते करून घेतले. अखेर या पैशातून थकबाकी कापू नका, गोठवलेली खाती खुली करा, असे राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले.

मुंबईतल्या देवनार, बैंगनवाडी, शिवाजीनगर या पट्ट्यात एखाद्या योजनेसाठी उघडलेले आणि मग पडून राहिलेले खाते नवे नाही. त्यामुळे बँकेचा हात नेमका कुठवर पोहोचतो, हे इथल्या माणसाला पक्के ठाऊक हवे. त्याबद्दलचे गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत.

'माझ्या सहीशिवाय बँक माझ्या पैशाला हात लावू शकत नाही.'

लावू शकते. खात्यात ठेवलेले पैसे म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही बँकेला दिलेले कर्ज. बँक तुमची देणेकरी आणि कर्ज थकवले असेल तर तुम्ही बँकेचे देणेकरी. अशा वेळी दोन्ही देणी समोरासमोर ठेवून फेडाफेड करण्याचा हक्क बँकेला असतो. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ प्रमाणे बँकेला ग्राहकाने ताब्यात दिलेल्या वस्तूंवर धारणाधिकार आहे. मुदत ठेवीच्या पावत्यांवरचा बँकेचा असा हक्क सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात मान्य केला. खाते उघडताना आपण न वाचता सही करतो त्या अर्जातही हे कलम बहुधा असतेच.

'मग बँक घरातल्या कुणाच्याही खात्यातून वसुली करेल.'

नाही, आणि इथेच बँकेच्या हक्काला कुंपण आहे. देणे आणि ठेव एकाच माणसाची, एकाच नात्याने असावी लागते. नवऱ्याचे वैयक्तिक कर्ज थकले म्हणून बायकोच्या बचत खात्याला हात लावता येत नाही. दोघांच्या संयुक्त खात्यातूनही, तशी लेखी संमती दिलेली नसेल तर, एकट्याचे कर्ज वळते करता येत नाही. अज्ञान मुलाच्या खात्यावर आई पालक म्हणून सही करत असली तरी तो पैसा मुलाचा. बायको कर्जाला जामीन राहिली असेल तर मात्र चित्र पालटते, कारण तेव्हा ते देणे तिचेही होते. आणि देण्याची तारीख उलटलेली असावी लागते. पुढच्या महिन्यात येणाऱ्या हप्त्यासाठी आजची शिल्लक उचलता येत नाही.

धंदेवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. देवनार कत्तलखान्याच्या आवारातल्या बकऱ्यांच्या बाजारात उलाढाल करणाऱ्या एकट्या मालकाच्या फर्मला कायदा वेगळी व्यक्ती मानत नाही. फर्मचे ओव्हरड्राफ्ट खाते मर्यादेबाहेर गेले तर बँक त्याच मालकाच्या बचत खात्याकडे वळू शकते. भागीदारीत मात्र आधी कर्जाचा करार उघडून पाहावा लागतो.

'खाते उणे झाले आहे, आता भरावेच लागेल.'

सर्वाधिक नुकसान करणारा समज हाच. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार, १ एप्रिल २०१५ पासून, निव्वळ किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळे बचत खाते शून्याच्या खाली नेता येत नाही. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी कळवायचे, ती भरून काढायला किमान महिना द्यायचा, आणि दंडही जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणातच लावायचा. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यांवर तर १ एप्रिल २०२४ पासून असा दंड लावायचाच नाही.

तरी लोकांना धक्का बसतो तो का? खाते कागदोपत्री शून्यावर थांबते, पण दंडाची नोंद मागे साठत राहते. त्या रकमेला 'लीन' किंवा 'होल्ड' लागतो, आणि पुढचा पैसा आला रे आला की तो गिळला जातो. माझ्या मते ही सरळसरळ पळवाट आहे. जो दंड खात्याला उणे करू शकत नाही, तो उद्याच्या मजुरीतून किंवा सरकारी मदतीतून वसूल करणे म्हणजे नियमाच्या हेतूलाच हरताळ फासणे. कर्जाच्या हप्त्याचा आदेश परत गेल्याचे शुल्क किंवा खरोखर घेतलेला ओव्हरड्राफ्ट यांची गोष्ट वेगळी. जनधन खात्यावर पात्र ग्राहकाला दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळतो, आणि तो घेतला असेल तर ते खरे कर्ज आहे. पण जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लकच लागत नाही, त्यामुळे तसा दंड तिथे बसूच शकत नाही. साधे बचत खाते असेल तर ते मूलभूत खात्यात बदलून मागता येते.

'सरकारी पैसा आहे, पेन्शन आहे, तो सुरक्षितच.'

अर्धे खरे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने पेन्शनला न्यायालयाच्या जप्तीपासून वाचवले आहे. पीपीएफचे खाते बँकेत असले तरी ते देणे केंद्र सरकारचे, त्यामुळे बँकेला ते स्वतःच्या कर्जापोटी वळवता येत नाही. लाडकी बहीणच्या वेळी मात्र बायकांच्या मदतीला आले ते असे कलम नव्हे, तर सरकारची सूचना.

पेन्शनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा ऑगस्ट २०२० चा निकाल जवळ ठेवण्याजोगा आहे. भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीतून १९९४ मध्ये निवृत्त झालेल्या एका वृद्धाला आपल्याकडून जादा पेन्शन गेली, असे म्हणत स्टेट बँकेने तीन लाख ६९ हजारांची वसुली लावली. न्यायालयाने ती रद्द केली, कापलेले पैसे परत करायला लावले आणि वर ५० हजार रुपयांचा खर्चही बसवला. पेन्शन ही त्या माणसाची मालमत्ता आहे, बँक तिची केवळ विश्वस्त, असे न्यायालयाने म्हटले.

'वळतावळत नेहमी ग्राहकाच्या मुळावरच येते.'

बँक बुडू लागली की उलटही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पैसे काढायला बंदी होती, पण अटींसह ठेवीतून कर्ज वळते करायला रिझर्व्ह बँकेने मुभा ठेवली होती. ज्यांची ठेवही तिथेच आणि कर्जही तिथेच, त्यांच्या अडकलेल्या पैशाला तेवढी तरी वाट राहिली.

खात्यातून पैसे गेले तर पासबुक भरून घ्या आणि शाखेत लेखी विचारा: कोणते देणे, कोणत्या तारखेचे, कोणत्या कलमाखाली, आणि मला सूचना कधी दिली? अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी उत्तरावर परतू नका. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.