महासंगणकाची मदार जाळ्यावर

महासंगणकाची बातमी आली की सर्वांचे लक्ष प्रथम आकड्याकडे जाते. एका सेकंदात किती गणिते आणि जगात कितवा क्रमांक, एवढे कळले की आपले समाधान होते. पुणेकरांना या आकड्यांची जुनी सवय आहे. 'सी-डॅक'ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध केला. २००७ मध्ये टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यातच उभारलेला 'एका' जगात चौथा ठरला. परंतु अशा यंत्राच्या पोटात एक अजस्र संगणक नसतो. शेकडो, हजारो स्वतंत्र संगणक असतात. त्यांतील प्रत्येकाला 'नोड' आणि साऱ्या समूहाला 'क्लस्टर' म्हणतात. 'एका'मध्ये असे सुमारे १,८०० नोड होते. एवढ्यांना एकदिलाने राबविणे हेच खरे कौशल्य. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

पावसाच्या अंदाजाचे उदाहरण घेऊ. ढोबळ मानाने सांगायचे तर आकाशाचे तुकडे पाडून ते नोडांमध्ये वाटून दिले जातात. कोकणावरचा ढग घाट चढून पुण्याकडे सरकला, की कोकणाचा हिशेब करणाऱ्या नोडने आपल्या सीमेवरील वारा, तापमान व बाष्प यांचे आकडे पुण्याच्या नोडकडे सोपवावे लागतात. प्रत्येक टप्प्याला, हजारो वेळा. शेजाऱ्याचे आकडे येईपर्यंत पुढचा टप्पा सुरू होत नाही. म्हणजे एक नोड रेंगाळला, तर बाकीचे सारे हात बांधून बसतात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ११.७७ पेटाफ्लॉप्सच्या 'अर्का'चे २०२४ मध्ये लोकार्पण झाले आणि २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देणारी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. जाळीचे घर १२ किलोमीटरवरून ६ वर आणले की घरांची संख्या चौपट होते; वेळेचे टप्पेही निम्मे केले तर काम आठपट वाढते. आणि हा अंदाज ढग बरसण्यापूर्वी हाती यायला हवा, नंतर आला तर त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग?

म्हणूनच नोडांना जोडणारे जाळे कार्यालयातील साध्या नेटवर्कसारखे असून चालत नाही. इन्फिनिबँडसारख्या जाळ्यात एका नोडच्या स्मृतीतील माहिती ऑपरेटिंग सिस्टीमला मध्ये न घेता थेट दुसऱ्याच्या स्मृतीत जाते. निरोप पोहोचायला सेकंदाचा दहालाखावा भाग, फार तर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. 'परम'च्या इतिहासात ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचे प्रोसेसर परदेशांतून येत राहिले. आधी ट्रान्सप्युटर, मग सनचे, मग आयबीएमचे, पुढे इंटेलचे. जाळे मात्र स्वतःचे विणण्याचा हट्ट सी-डॅकने सोडला नाही. १९९८ च्या 'परम १००००'साठी 'परमनेट' आले, 'परम पद्म'मध्ये त्याची दुसरी आणि 'परम युवा'मध्ये तिसरी आवृत्ती. आताच्या जाळ्याचे नाव 'त्रिनेत्र'. त्याची १०० गिगाबिट वेगाची 'त्रिनेत्र-ए' ही आवृत्ती सी-डॅकच्या पुण्यातील एक पेटाफ्लॉप्सच्या 'परम रुद्र'वर चालविली गेली. २०० गिगाबिटची 'त्रिनेत्र-बी' बेंगळुरूच्या २० पेटाफ्लॉप्सच्या यंत्रासाठी योजल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

जाळे उत्तम असले तरी नोड बिघडतातच. समजा, एक नोड सरासरी पाच वर्षांतून एकदाच बंद पडतो. मग १,८०० नोडांच्या यंत्रात रोज एक बंद पडणार! हे सांभाळण्याचे काम 'स्लर्म'सारखी प्रणाली करते. आयसर, पुणे येथील 'परम ब्रह्म'वरही तीच आहे. कोणाचे काम कोणत्या नोडवर, किती वेळ, हे ती ठरवते. ठरावीक काळाने नोडची तपासणी करविते आणि एखादा संशयास्पद वाटला की हातातले काम पुरे करू देऊन त्याला नवे काम देणे थांबवते. रिकाम्या नोडची वीज तोडण्याची सोयही तीत आहे.

अलीकडच्या आवृत्त्यांतील दोन सुधारणा महत्त्वाच्या आहेत. २०२२ पासून चालू क्लस्टरमध्ये नवे नोड आयत्या वेळी सामील करून घेता येतात. पूर्वी त्यांची यादी आधी लिहून ठेवावी लागे. २०२३ अखेरच्या आवृत्तीपासून जाळ्याची रचना गटागटांनी सांगण्याची सोय झाली, त्यामुळे सतत बोलणारे नोड एकाच गटात बसविता येतात. कोकण आणि पुणे यांचे नोड शेजारी असले, तर निरोपाला लांबचा फेरा पडत नाही.

एक गोष्ट मात्र अजून वापरणाऱ्यावरच सोपविलेली आहे. नोड पडला की काम पुन्हा रांगेत लावले जाते, पण ते कोठून सुरू व्हायचे हे प्रोग्रामने मधूनमधून आपली स्थिती डिस्कवर नोंदविली आहे की नाही, यावर ठरते. या नोंदींनाही वेळ लागतो, म्हणून काही जण त्या टाळतात. आणि मग तीन दिवसांचे गणित साठाव्या तासाला पुन्हा पहिल्या पायरीवर येते.