मासुंद्याची प्रदक्षिणा

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न : जायचे कुठे? चिरंजीवांना गड चढायचा असतो, आजींचे गुडघे त्याला संमती देत नाहीत आणि महाबळेश्वरच्या खर्चाचा आकडा ऐकून यजमान वर्तमानपत्रात तोंड खुपसतात. अशा कुटुंबांनी ठाण्याच्या मासुंदा तलावाला, म्हणजेच ठाणेकरांच्या तलावपाळीला, एक फेरी घालून पाहावी.

डोंबिवली-कल्याणहून लोकल धरावी आणि ठाण्यास पश्चिमेला उतरावे. पहिली आगगाडी बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी इथवर आली. कल्याणकरांना तिच्यासाठी १ मे १८५४ पर्यंत थांबावे लागले. ठाणेकर त्याचा तोरा अजून मिरवतात. मिरवू द्यावा!

स्टेशनपासून पायी थोडक्याच अंतरावर जांभळी नाका. तिथल्या फुलांच्या आणि भाजीच्या गर्दीतून वाट काढीत कौपीनेश्वराच्या देवळात शिरावे. या स्थानाचे नाते थेट शिलाहारांच्या काळाशी सांगतात. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली देवळाचा जीर्णोद्धार केला. आतले शिवलिंग एवढे भव्य, की पहिल्यांदा पाहणारे मूल आईचा पदर धरते.

देवळाबाहेर आलात की समोर पाणी. चढ नाही, उतार नाही. बाबागाडी आणि काठी दोन्ही सुखाने चालतात. रमतगमत गेले तरी फेरी अर्ध्या तासात पुरी होते. वाटेत काठाजवळच राम गणेश गडकरी रंगायतन लागते. ते १९७८ साली उभे राहिले. फेरीला नाटकाची जोड दिली तर सौभाग्यवतींची तक्रार उरत नाही. मुलांचा ओढा अर्थात नावेकडे आणि भेळेच्या गाडीकडे! मात्र तळ्याभोवती रहदारी वाहते, तेव्हा लहानग्याचे बोट सोडू नये.

ठाण्यात एके काळी साठांहून अधिक तळी होती म्हणतात; आता पस्तिसाच्या आसपास उरली आहेत. बाकीची गेली कुठे, हे सभोवारचे इमले पाहून ताडावे. आम्हाला वाटते, मासुंदा तगला तो रोज संध्याकाळी हजार डोळे त्याच्यावर असतात म्हणून. गणपतींच्या विसर्जनासाठी काठाशी कृत्रिम हौद केले जातात, तेही याच पाण्याच्या काळजीपोटी. आपण निदान भेळेचा कागद आणि पूजेचे निर्माल्य पाण्यात टाकू नये. माशांना पाव घालण्याची हौसही आवरावी. न खाल्लेला पाव पाण्यातच कुजतो.

एक सूचना : नरकचतुर्दशीच्या पहाटे इथे तरुण मंडळींचा पूर लोटतो. डोंबिवलीकरांना फडके रोडवरून त्याची कल्पना आहेच. नवे कपडे मिरवायचे असतील तर जरूर जावे. आजी आणि तान्हे मूल बरोबर असेल, तर भाऊबीज उलटल्यावरची एखादी सकाळ बरी. कल्याणकरांना आगगाडीही नको असेल, तर त्यांचा काळा तलाव घराजवळच आहे. त्याच्याभोवतीही फिरायला वाट आहे.